रोज रात्री कुकीज पुसते, तरी जाहिराती पाठ सोडत नाहीत

पत्र:

ताई, नमस्कार. आमच्या घरात लॅपटॉप एकच, मी, नवरा, मुलगा, सासूबाई सगळे तोच वापरतो. तीन महिन्यांपूर्वी मला तब्येतीचा एक त्रास सुरू झाला, कोणाला सांगायच्या आधी जरा नेटवर शोधलं, तर दुसऱ्याच दिवसापासून त्याच त्रासावरच्या औषधांच्या जाहिराती दिसायला लागल्या, आधी लॅपटॉपवर आणि मग नवऱ्याच्या फोनवरसुद्धा. तो म्हणाला हे काय भलतंच यायला लागलंय. मी घाबरलेच. मैत्रीण म्हणाली कॅशे आणि कुकीज क्लियर कर, सगळं जातं. तेव्हापासून रोज रात्री झोपायच्या आधी सगळ्या चौकटींवर टिक करून सगळं उडवते. आता बँक दर वेळी ओटीपी मागते, मुलाचा गेम पहिल्या लेव्हलला गेला म्हणून तो आठवडाभर माझ्याशी बोलत नव्हता, आणि जाहिराती येतातच. माझं नक्की काय चुकतंय? की हे पुसणं म्हणजे नुसतं मनाचं समाधान? आणि तो गेम परत येईल का?
– रोज रात्री पुसणारी

उत्तर:

नमस्कार. पत्र वाचून आधी मुलाच्या अबोल्याचं हसू आलं, मग वाईट वाटलं, कारण तीन महिने न चुकता रोज एक काम करायचं आणि त्याचा उपयोग होतोय का हेच कळू नये, यासारखी चिडचिड नाही. म्हणून सरळ उत्तर आधी देऊन टाकते. पुसणं चूक नाही, पण तुम्ही पुसताय एकीकडे आणि लिहिलं जातंय दुसरीकडे. आणि जे पुसायची गरज नव्हती तेही रोज पुसलं जातंय, म्हणून बँक आणि मुलगा दोघंही वैतागलेत.

आधी कुकी म्हणजे काय ते सांगते, कारण 'कुकीज तुमची माहिती चोरतात' असं जे फिरत असतं ना त्याने डोक्यात भलतंच चित्र बसतं, जणू लॅपटॉपमधे किडे शिरलेत आणि रोज रात्री फवारणी केली की मरतात. तसं काही नाहीये. वेबसाइटला मुळात आठवणच नसते. तुम्ही एक पान उघडलं, मग दुसरं उघडलं, तर दुसरं पान मागणारी बाई मघाचीच आहे हे तिला कळायला काही मार्ग नसतो. १९९४ मधे नेटस्केप नावाच्या ब्राउझरवर (ब्राउझर म्हणजे ज्याच्यात आपण साइट उघडतो तो प्रोग्राम) काम करणाऱ्या लू मॉन्टुली नावाच्या इंजिनिअरने यावर तोड काढली. ऑनलाइन खरेदी करताना टोपलीत काय टाकलंय याची नोंद साइटने स्वतःकडे न ठेवता गिऱ्हाइकाच्याच कॉम्प्युटरवर एका चिठ्ठीत ठेवायची आणि पुढच्या वेळी ब्राउझरने ती चिठ्ठी आपणहून दाखवायची. ही चिठ्ठी म्हणजे कुकी. साधारण ४ केबीपर्यंतची, म्हणजे एवढुशी. गंमत म्हणजे आपल्या कॉम्प्युटरवर असं काही ठेवलं जातंय हे सामान्य लोकांना कळलं ते १९९६ मधे, वर्तमानपत्रात छापून आल्यावर. तोपर्यंत कोणी कोणाला विचारलंही नव्हतं.

त्या चिठ्ठीत बहुतेक वेळा तुमचं नाव, पत्ता वगैरे काही नसतं. एक लांबलचक नंबर असतो. सामान ठेवायच्या खिडकीवर आपल्याला बिल्ला देतात बघा, तसा. बिल्ल्यावर फक्त नंबर, सामान सगळं खिडकीच्या आत. तुमच्याकडे कुकी असते, आणि तुम्ही काय बघितलं, किती वेळ बघितलं, कशावर क्लिक केलं हे सगळं त्या कंपनीच्या सर्व्हरवर, म्हणजे तिच्याकडच्या कॉम्प्युटरवर, त्या नंबरापुढे लिहिलेलं असतं. हे एकदा लक्षात आलं की तुमचं अर्धं कोडं सुटलं.

उरलेलं अर्धं असं. तुम्ही त्या त्रासाबद्दल वाचायला एखाद्या साइटवर गेलात, तर ते पान एकट्या त्या साइटचं नसतं. त्याच्यात जाहिरातीची चौकट एका कंपनीची, मोजणी करणारा तुकडा दुसरीचा, शेअर करायचं बटण तिसरीचं. हे सगळे तुम्हाला न दिसता आपापला बिल्ला तुमच्या हातात देतात. याला म्हणतात थर्ड पार्टी कुकीज. आणि त्यातली जाहिरातवाली कंपनी फक्त त्याच साइटवर नसते, ती हजारो साइटवर बसलेली असते, म्हणून तुम्ही उद्या बातम्या वाचायला गेलात की तिथेही तीच कंपनी, तोच बिल्ला, 'अरे या त्याच ना, काल औषधांचं वाचत होत्या'. म्हणजे पाठलाग करणारी चिठ्ठी ही आहे. तुम्हाला लॉगिन ठेवणारी किंवा बँकेला 'हा लॅपटॉप ओळखीचा आहे' सांगणारी चिठ्ठी वेगळी असते, आणि तुम्ही दोन्ही एकाच झाडूने झाडताय.

आता बिल्ला फेकून दिला तर काय होतं? खिडकीमागच्या वहीतली नोंद तशीच राहते, फक्त ती कोणाची हे त्यांना सांगता येत नाही. हे काही कमी नाहीये हं, मैत्रिणीचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही काय करता? लॅपटॉप उघडता, मेलला लॉगिन करता, सोशल मीडियाला लॉगिन करता, मग एखादी खरेदीची साइट, तिथेही लॉगिन. म्हणजे रात्री बिल्ला फेकला आणि सकाळी त्याच खिडकीवर जाऊन स्वतःचं नाव सांगितलं. त्यांनी वही उघडली, नवा बिल्ला दिला, पुढे चालू. अकाउंटच्या नावाने जे साठतं ते तुमच्या लॅपटॉपवर नसतंच, त्यामुळे लॅपटॉप कितीही घासला तरी ते जाणार कसं?

नवऱ्याच्या फोनचंही याच्यातच उत्तर आहे. दोन शक्यता मला जास्त वाटतात. एक म्हणजे लॅपटॉपवर आणि त्यांच्या फोनवर एकच अकाउंट चालू आहे, एकच लॅपटॉप वापरणाऱ्या घरात हे फार होतं, कोणीतरी कधीतरी लॉगिन केलेलं असतं आणि मग सगळे त्याच्यातच शोधत बसतात. तुम्ही लॅपटॉपवर शोधलं आणि ते त्यांच्या नावावर जमा झालं. हे आधी तपासा, ब्राउझरच्या वरच्या कोपऱ्यात गोल चित्र असतं त्याच्यावर क्लिक केलं की कोणाचं अकाउंट आहे ते दिसतं. दुसरी शक्यता म्हणजे वायफाय एकच, त्यामुळे बाहेरून बघणाऱ्याला घरातली सगळी यंत्रं इंटरनेटवरच्या एकाच पत्त्यावरून, म्हणजे एकाच आयपी अ‍ॅड्रेसवरून आलेली दिसतात, आणि जाहिरातवाले त्यावरून हे एकाच घरातले असणार असा अंदाज बांधतात. हा अंदाज कुकी पुसून मोडत नाही.

तर आज रात्री पुसायला बसाल तेव्हा त्याऐवजी हे करा. गूगलचं अकाउंट असेल तर त्याच्यात 'माय अ‍ॅक्टिव्हिटी' नावाचं पान आहे, ते उघडा. आधीच सांगते, पहिल्यांदा बघताना पोटात गोळा येतो, कारण काय शोधलं, कुठला व्हिडिओ बघितला, तारीख आणि वेळेसकट सगळं तिथे ओळीने लावलेलं असतं. त्या त्रासाशी संबंधित शब्द वरच्या सर्चमधे टाका आणि जे येईल ते तिथून डिलीट करा. मग तिथेच 'वेब अँड अ‍ॅप अ‍ॅक्टिव्हिटी' बंद करता येते, किंवा बंद करायची नसेल तर ऑटो-डिलीट लावता येतं, ३ महिने, १८ महिने किंवा ३६ महिने असे पर्याय आहेत. तुम्ही ३ लावा. २०२० च्या जूनपासून उघडलेल्या नव्या अकाउंटना १८ महिन्यांचं आपोआप लागलेलं असतं, पण त्याच्या आधीचं जुनं अकाउंट असेल आणि तुम्ही कधी काही बदललं नसेल तर तिथे जुनं बरंच काही सापडू शकतं. मग 'माय अ‍ॅड सेंटर'मधे जाऊन पर्सनलाइज्ड जाहिराती बंद करा. जाहिराती थांबणार नाहीत, कोणत्यातरी येतच राहतील, पण तुमच्या शोधावरून निवडलेल्या नसतील. सोशल मीडियाच्या अ‍ॅपमधेही जाहिरातींच्या पसंतीचं असं पान सेटिंगमधे दडवून ठेवलेलं असतं, शोधायला लागतं, पण असतं.

अँड्रॉइड फोनवर अजून एक करा. सेटिंग्जमधे प्रायव्हसी, त्याच्यात अ‍ॅड्स, आणि तिथे 'डिलीट अ‍ॅडव्हर्टायझिंग आयडी'. काही फोनमधे हा पर्याय गूगलच्या सेटिंगमधे असतो. अ‍ॅप ब्राउझरच्या कुकी वापरत नाहीत, त्यांच्यासाठी फोनलाच एक जाहिरातीचा नंबर दिलेला असतो, तो हा. म्हणून फोनच्या ब्राउझरमधलं कितीही क्लियर केलं तरी अ‍ॅपमधल्या जाहिरातींना फरक पडत नाही. आयफोनवर २०२१ मधल्या आयओएस १४.५ पासून प्रत्येक अ‍ॅपला 'ट्रॅक करू का' असं विचारायला लागतं, तिथे नाही म्हणा, आणि विचारूच नका असंही सेटिंग आहे.

आता थर्ड पार्टी कुकीज. या रोज पुसण्यापेक्षा येऊच दिल्या नाहीत तर? हेच तर खरं काम आहे आणि एकदाच करायचं आहे. सफारी वापरत असाल तर २०२० च्या मार्चपासून ती या कुकीज स्वतःच अडवते, काही करायला नको. फायरफॉक्सने २०२२ च्या जूनपासून प्रत्येक साइटला वेगळी बरणी दिली, म्हणजे जाहिरात कंपनीने इथे दिलेला बिल्ला तिला तिथे वाचता येत नाही. क्रोमचं मात्र रडगाणं आहे. २०२० च्या जानेवारीत त्यांनी जाहीर केलं की दोन वर्षांत थर्ड पार्टी कुकीज बंद करू, मग पुढे ढकललं, परत ढकललं, आणि शेवटी २०२४ मधे तो बेतच सोडून दिला. जाहिरातींवर चालणाऱ्या कंपनीकडून अजून काय अपेक्षा करणार म्हणा. त्यामुळे क्रोममधे हे आपल्यालाच करायला लागतं, तीन टिंबं, सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, थर्ड पार्टी कुकीज, आणि ब्लॉक. झालं. एखाददुसरी साइट रुसते, व्हिडिओ दिसत नाही किंवा लॉगिनची खिडकी अडकते, तेव्हा तेवढ्या साइटपुरती सूट देता येते. माझ्याकडे हे कित्येक दिवस बंद आहे आणि बोटावर मोजण्याइतक्या वेळा अडलंय.

एवढं केलं की मग कोणालाच कळत नाही का? तसंही नाही, खोटा धीर देत नाही. तुमच्या स्क्रीनचा आकार, फॉन्ट, भाषा, टाइमझोन, ब्राउझरचं व्हर्जन असं बारीकसारीक एकत्र केलं तरी माणूस ओळखू येतो, याला फिंगरप्रिंटिंग म्हणतात. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन नावाच्या संस्थेने २०१० मधे असा प्रयोग केला होता, ४,७०,१६१ ब्राउझर तपासले, त्यातले ८३.६ टक्के एकमेवाद्वितीय निघाले, म्हणजे कुकी नसतानाही वेगळे ओळखू येतील असे. त्यांची चाचणी अजूनही चालू आहे, 'कव्हर युवर ट्रॅक्स' नावाने, कधी वेळ असला तर करून बघा. पण याने झोप उडवून घेऊ नका. औषधांच्या जाहिराती पाठीशी लागण्याचं कारण सहसा इतकं खोल नसतं, साधं लॉगिन आणि साधी कुकी असते.

आता मला पत्रात जे खरं दुखणं वाटलं त्याच्याकडे येते. तुम्हाला जाहिरात कंपन्यांची तेवढी भीती नाहीये. भीती आहे की घरातल्यांना कळेल. बरोबर ना? मग हा प्रश्नच वेगळा, आणि त्याला औषधही वेगळं. घरातल्या माणसाला तुमच्या कुकीज वाचता येत नाहीत, कोण बसणार ते आकडे बघत. त्याला दिसते ती हिस्टरी, आणि त्याहून जास्त दिसतं ते म्हणजे सर्चच्या चौकटीत एक अक्षर टाइप केलं की खाली फुटणाऱ्या सूचना. सासूबाई काहीतरी साधं शोधायला जातात, पहिलं अक्षर टाकतात, आणि खाली तुमचा मागचा शोध उगवतो. हिस्टरी पुसूनही हे होऊ शकतं, कारण त्यातल्या काही सूचना अकाउंटमधल्या जुन्या शोधांवरून येतात. म्हणजे परत तेच, माय अ‍ॅक्टिव्हिटी.

आणि एक धोका सांगून ठेवते. क्रोममधे सिंक, म्हणजे एका अकाउंटची सगळी यंत्रं सारखी ठेवायची सोय, चालू असेल तर लॅपटॉपवर हिस्टरी पुसली की त्याच अकाउंटच्या फोनवरचीही जाते. आयफोनवर सफारीची हिस्टरी क्लियर केली तर आयक्लाउडने जोडलेल्या बाकीच्या यंत्रांवरचीही जाते. आता नवऱ्याचंच अकाउंट लॅपटॉपवर असेल तर गेले तीन महिने तुम्ही रोज रात्री त्यांचीही हिस्टरी पुसताय, आणि त्यांना वाटत असेल फोन बिघडलाय. विचारा एकदा हळूच.

एका लॅपटॉपवर चार माणसं असतील तर सगळ्यात चांगला उपाय म्हणजे प्रत्येकाचं वेगळं युझर अकाउंट, लॅपटॉपचंच, पासवर्डसकट. ब्राउझरमधेही वेगळी प्रोफाइल करता येते, त्याने कुकीज, हिस्टरी, बुकमार्क सगळं वेगळं राहतं, पण त्या प्रोफाइलला पासवर्ड नसतो, कोणीही क्लिक करून आत येऊ शकतं. म्हणून ज्याला खरंच खाजगी हवंय त्याने लॅपटॉपचं लॉगिन वेगळं करावं. दहा मिनिटांचं काम आहे, आणि घरात कोणाला सांगायचं तर 'मुलाच्या अभ्यासाचं वेगळं ठेवू' एवढं कारण पुरे.

आणि इन्कॉग्निटो, म्हणजे ब्राउझरची ती खाजगी खिडकी? तुमच्या या कामासाठी चांगलं आहे, फक्त त्याच्याकडून भलत्या अपेक्षा नकोत. इन्कॉग्निटोच्या सगळ्या खिडक्या बंद केल्या की त्यातली हिस्टरी आणि कुकीज जातात, म्हणजे घरातल्यांपासून लपतं. डाउनलोड केलेली फाइल मात्र तशीच राहते, ही चूक खूप जण करतात, रिपोर्ट डाउनलोड करतात आणि तो डाउनलोड्समधे सगळ्यांसमोर पडलेला असतो. साइटला, इंटरनेट देणाऱ्या कंपनीला, ऑफिसच्या नेटवर्कला तुम्ही दिसताच, आणि इन्कॉग्निटोमधे अकाउंटला लॉगिन केलंत तर मग लपून काय उपयोग, दार लावून घेतलं आणि आतून स्वतःचं नाव ओरडलं. लोकांचा याबाबत इतका गैरसमज होता की २०२० मधे अमेरिकेत गूगलवर दावा झाला, आणि २०२४ मधल्या तडजोडीत कंपनीने इन्कॉग्निटोत जमलेल्या नोंदी नष्ट करायचं आणि तिथली सूचना स्पष्ट लिहायचं कबूल केलं.

कॅशेबद्दल अजून बोललेच नाही, कारण खरं सांगायचं तर तुमच्या प्रश्नात त्याचा वाटा फार थोडा. (उच्चार खरा 'कॅश' असाच आहे पण मग पैशाचं वाटतं म्हणून मी आपलं सगळे लिहितात तसं कॅशे लिहिते.) कॅशे म्हणजे साइटची चित्रं, लोगो, डिझाइनच्या फाइली, दर वेळी परत डाउनलोड करायला लागू नयेत म्हणून ब्राउझर जवळ ठेवतो तो साठा. रोज पुसला की रोज सगळं नव्याने उतरतं, नेट हळू वाटतं, डेटा जास्त जातो. पूर्वी या साठ्यावरूनही माणूस ओळखायच्या युक्त्या होत्या, पण सफारीने बरंच आधी आणि क्रोम, फायरफॉक्सने २०२०-२१ च्या सुमारास हा साठा साइटप्रमाणे वेगळा केला, त्यामुळे ती वाट बरीच अरुंद झाली. कॅशे पुसायचा तो साइट वेडीवाकडी दिसायला लागली, जुनंच पान दाखवायला लागली तर. तेव्हासुद्धा आधी कंट्रोल, शिफ्ट आणि आर एकदम दाबून बघा, त्या एका पानाचं सगळं नव्याने येतं, अख्खा साठा उडवायला नको.

पुसणं खरंच महत्त्वाचं कुठे, तर दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर. इथे मी स्वतः एकदा तोंडावर पडलेय. एका लायब्ररीतल्या कॉम्प्युटरवर मेल उघडला, फॉर्म प्रिंट केला, घाईघाईत खिडकी बंद केली आणि निघाले, म्हटलं बंद केलं म्हणजे संपलं. दुसऱ्या दिवशी मलाच माझ्या मेलवरून एक मेल आला होता, 'तुमचा मेल उघडा राहिलाय, मी लॉगआउट केलंय, काळजी घ्या'. कोण होतं देव जाणे, भलं माणूस होतं म्हणून वाचले. तर तिथे क्रम महत्त्वाचा आहे, आधी लॉगआउट आणि मग पुसा. नुसत्या कुकीज पुसल्या तर त्या कॉम्प्युटरवरून तुम्ही बाहेर पडता, पण साइटच्या दृष्टीने तुमचं सेशन, म्हणजे ते लॉगिन, संपेलच असं नाही, आणि मधल्या वेळात कोणी त्या कुकीची कॉपी केली असेल तर ती चालत राहू शकते. आजकाल कुकीज चोरणारे व्हायरस असतात ते हेच करतात, पासवर्ड आणि ओटीपी दोन्ही न विचारता थेट आत, कारण कुकी सांगते की या बाईंनी आधीच लॉगिन केलंय. म्हणून कधी संशय आला तर कुकीज पुसत बसू नका, आपल्या फोनवरून अकाउंटच्या सिक्युरिटीमधे जा, सगळ्या डिव्हाइसवरून साइन आउट करा आणि पासवर्ड बदला.

आणि हो, ते 'अ‍ॅक्सेप्ट ऑल, रिजेक्ट ऑल' विचारणारे फलक. तुम्ही मन लावून रिजेक्ट केलंत, तर हे तुम्ही रिजेक्ट केलंय ही गोष्ट ते कशात लिहून ठेवतात? कुकीत! रात्री तुम्ही तीही पुसता, सकाळी साइट परत विचारते, आणि तीस वेळा विचारल्यावर एकतिसाव्या वेळी कंटाळून आपण अ‍ॅक्सेप्ट दाबतोच. म्हणजे रोज पुसण्याने इथे उलटंच होतं.

मग पुसायचं कधी? एखाद्या साइटचाच माग नको असेल तर तेवढीच पुसा. पत्त्याच्या डावीकडे छोटं चिन्ह असतं, त्याच्यावर क्लिक करून कुकीज अँड साइट डेटामधे गेलं की त्या साइटपुरतं डिलीट करता येतं, बाकी बँक, मेल, गेम कोणाला धक्का नाही. सगळंच पुसायचं असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि डिलीट दाबा, खिडकी उघडते, तिथे आधी वेळ बघा, 'लास्ट अवर' आहे की 'ऑल टाइम', कारण बरेच जण एका तासाचंच पुसतात आणि सगळं पुसलं म्हणून खूश होतात. आणि सगळ्या चौकटींवर टिक करता म्हणालात ना, तर पासवर्ड्स आणि ऑटोफिलवरची टिक काढा, साठवलेले पासवर्ड कुकीत नसतातच, ते वेगळे असतात, ते उडवून प्रायव्हसी वाढत नाही, फक्त विसरलेले पासवर्ड आठवत बसायची शिक्षा होते. पुसल्याशिवाय चैनच पडत नसेल तर फायरफॉक्स घ्या, त्याच्यात ब्राउझर बंद केल्यावर कुकीज आपोआप जाण्याची सोय आहे आणि बँकेसारख्या दोनचार साइटना त्यातून वगळता येतं. ते 'तुमच्या फोनमधे कचरा साठलाय, आत्ता साफ करा' म्हणणारे अ‍ॅप मात्र अजिबात घालू नका, बरेच जण स्वतःच तुमचा डेटा गोळा करत असतात.

थोडं वैयक्तिक विचारते, रागावू नका. जाहिराती लपवण्यात तीन महिने गेले, त्या त्रासाचं काय झालं? डॉक्टरांना दाखवलंत का? नसेल तर लॅपटॉपची सेटिंग्ज एक दिवस राहू देत, आधी तिकडे जा.

आता मुलाचा गेम. क्रोममधे त्या चौकटीचं पूर्ण नाव आहे 'कुकीज अँड अदर साइट डेटा', आणि ब्राउझरमधे खेळायचे बरेच गेम आपली प्रगती त्या 'अदर'मधे ठेवतात. त्याला विचारा की खेळताना कधी ईमेल टाकून लॉगिन केलं होतं का. केलं असेल तर परत त्याच ईमेलने लॉगिन करू दे, लेव्हल गेम कंपनीच्या सर्व्हरवर असेल तर जशीच्या तशी परत येईल. लॉगिन न करता पाहुणा म्हणून खेळत असेल तर ती गेली, ती आता परत येत नाही, त्याची माफी तुम्हालाच मागायला लागेल. आणि नव्याने सुरू करताना आधी अकाउंट काढून घ्यायला सांगा, म्हणजे पुढच्या वेळी आईने झाडू मारला तरी लेव्हल जागेवर राहील.